कोकणच्या दमट हवेत बाळाचे विणकाम आणि लोकरीचा साठा

देवगडकरीण:

नमस्कार मंडळी. माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी, म्हणजे आमच्याकडे देवगडला येणार असून श्रावणात बाळ होणे अपेक्षित आहे. विणकाम मला येते, पण गेली वीसेक वर्षे सुया हातात धरलेल्या नाहीत. माळ्यावरची सासूबाईंची पत्र्याची ट्रंक परवा उघडली, तेव्हा तीत लोकरीचे एकोणीस गुंडे निघाले. लेबल एकावरही नाही, काहींना कसर लागलेली आहे आणि डांबराच्या गोळ्यांचा वास तर ओटीपर्यंत येतो. ही लोकर बाळाच्या स्वेटरसाठी वापरावी काय? नसल्यास आमच्यासारख्या खाऱ्या, दमट हवेत कोणते सूत घ्यावे, आणि पुढे नातवंडांसाठी म्हणून थोडा साठा करायचा झाल्यास तो किती व कसा ठेवावा? नवजात मापाचे दोन स्वेटर तरी आषाढ संपण्यापूर्वी सुईवरून उतरावेत, असा विचार आहे.

चिपळूणची विणकर:

ताई, आधी त्या वासाविषयी लिहिते, कारण बाकी सगळे त्यानंतरचे आहे. डांबराच्या गोळ्या म्हणजे नॅफ्थलीन. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनच्या वाफेने फुटू शकतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. ही कमतरता बाळाकडे पाहून ओळखता येत नाही. म्हणून गोळ्यांत ठेवलेले कपडे, दुपटी किंवा लोकर नवजात बाळाजवळ येऊच द्यायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. आपल्याकडे बाळंतिणीची दुपटी जुन्या ट्रंकेतूनच काढण्याची रीत आहे, त्यामुळे हे मुद्दाम सांगावेसे वाटले.

गुंड्यांची पारख सोपी आहे. प्रत्येकातून बोटभर धागा तोडून, चिमट्यात धरून पेटवून पाहा. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की ती बहुधा आपोआप विझते आणि मागे चुरगळणारी राख राहते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. सुती धागा कागदासारखा जळतो. कसरीच्या अळीला लोकरीतील केराटिन लागते, निव्वळ ॲक्रिलिक ती सहसा खात नाही. त्यामुळे ज्या गुंड्यांत धागे तुटलेले दिसतील ते खऱ्या लोकरीचे असण्याचाच संभव अधिक. चांगले राहिलेले गुंडे सैल लड्या करून कोमट पाण्यात धुवावेत, बरेच दिवस वाऱ्यावर ठेवावेत आणि त्यांतून मोठ्या माणसांसाठी मफलर विणावेत.

आणखी एक गोष्ट. न्हाऊ घातल्यावर बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. ॲक्रिलिक ठिणगीने वितळून कातडीला चिकटते, तेव्हा निखाऱ्यांच्या शेगडीजवळ ॲक्रिलिकचे टोपरे घातलेले बाळ कोणी नेणार नाही एवढे पाहावे.

दापोलीहून:

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ताईंचे नियोजनच थोडे बदलावे असे मला वाटते. श्रावणात जन्मलेल्या बाळाला देवगडच्या हवेत स्वेटर लागणारच नाही. तो लागेल मार्गशीर्ष-पौषात, लेक पुण्याला परतल्यावर, आणि तेव्हा बाळ चार-पाच महिन्यांचे झालेले असेल. नवजात मापाचे दोन्ही स्वेटर त्या वेळी अंगात जायचे नाहीत. म्हणून सहा महिन्यांचे माप धरावे. त्या वयात छातीचा घेर साधारण ४३ सेंटिमीटर असतो, त्यामुळे विणलेला स्वेटर ४८ ते ५० सेंटिमीटर घेराचा असू द्यावा. गळ्याकडून खाली विणत आणल्यास पुढच्या हिवाळ्यात शेवटची ओळ उसवून लांबी वाढवता येते. गळ्याला नाडी किंवा गोंडे मात्र नकोत.

श्रावणासाठी सुती धाग्याची दोन टोपरी पुरेत. मी स्वतः एका पावसाळ्यात जाड सुती धाग्याचे दुपटे मोठ्या हौसेने विणले. ते धुतल्यावर वाळायला तीन दिवस लागले आणि चौथ्या दिवशी त्याला कुबट वास आला. सूत पाणी धरून ठेवते आणि आपल्याकडच्या जुलैत ते सोडायला तयार नसते. दुपट्यांना जुन्या मऊ लुगड्याची सर कशालाच येत नाही, हे मान्य करण्यात विणणाऱ्यांनी कमीपणा मानू नये.

पुण्याच्या स्वेटरसाठी मऊ ‘बेबी’ ॲक्रिलिक, चार पदरी, घ्यावे. या मापाला १०० ते १५० ग्रॅम पुरते. मोहेरसारखे केसाळ सूत टाळावे, त्याचे तंतू बाळाच्या तोंडात जातात. सुयांच्या क्रमांकाबाबत सावध राहावे. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या सुयांवर बहुधा जुने ब्रिटिश क्रमांक असतात आणि त्यांत अंक वाढला की सुई बारीक होते. १० क्रमांकाची सुई ३.२५ मिलिमीटरची आणि ८ क्रमांकाची ४ मिलिमीटरची. इंटरनेटवरचे नमुने पुष्कळदा अमेरिकी क्रमांकांत असतात, त्यांची ८ क्रमांकाची सुई ५ मिलिमीटरची आहे. मिलिमीटर पाहूनच सुई घ्यावी. चार पदरी सूत ३.२५ च्या सुईवर साधारणपणे १० सेंटिमीटरला २८ टाके देते. आधी वीतभर चौकोन विणून, धुऊन मग मोजावे, कारण वीस वर्षांनी हात पूर्वीइतका घट्ट राहत नाही.

माडबनातली:

साठ्याविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते. माझ्याकडे एके काळी दोन कपाटे भरून लोकर होती. त्यातली निम्मी कशासाठी घेतली होती हे मलाच आठवेना. आता मी सूत कपड्याच्या हिशेबाने घेते. काय विणायचे, कोणत्या मापाचे आणि त्याला किती ग्रॅम, हे चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय खरेदी नाही. मात्र लेबलावरचा लॉट क्रमांक पाहून त्याच लॉटचा एक गुंडा जास्तीचा घेते. एकदा पिवळ्या झबल्याची एक बाही अपुरी राहिली, दुकानदाराने ‘तोच रंग’ म्हणून दुसऱ्या लॉटचे सूत दिले आणि उन्हात धरल्यावर एक बाही हळदीची व दुसरी लिंबाची दिसू लागली.

गुंडे मी सुती पिशवीत घालून, वेखंडाच्या कांड्या टाकून लाकडी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवते. भिंतीला टेकवून ठेवू नयेत, पावसाळ्यात भिंत पाझरते. प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायचेच तर एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी भरावेत, ओलसर हवेत झाकण लावले तर बुरशी आतच वाढते. दसरा झाला की सगळे बाहेर काढून उन्हात झटकावे. वेखंडाने कसर दूर राहते, पण आत असलेली अळी मरत नाही. म्हणून जुनी लोकर नव्या सुताजवळ ठेवू नका.

देवगडकरीण:

सर्वांचे आभार. एकोणीसही गुंड्यांचे धागे आज मागील दारी पेटवून पाहिले. सात खऱ्या लोकरीचे निघाले, त्यांतले चार कसरीने खाल्लेले होते, ते टाकून दिले. राहिलेले तीन मिस्टरांच्या मफलरसाठी मांडवात वाऱ्यावर टांगले आहेत, आणि बारा ॲक्रिलिकचे धुऊन निराळ्या दोरीवर. ट्रंक रिकामी करून माळ्यावरून उतरवली आहे, लेक येईपर्यंत ती पडवीतही राहणार नाही. स्वेटरचे माप सहा महिन्यांचे धरले आहे. टोपऱ्याविषयी एकच विचारते. जन्मतः डोक्याचा घेर ३५ सेंटिमीटरच्या आसपास धरतात, तर सुती धाग्याला ताण कमी असल्यामुळे टोपरे नेमके त्याच घेराचे विणावे, की काठाला एक सुलट एक उलट घालून थोडे कमी ठेवावे?

दापोलीहून:

काठ एक सुलट एक उलट घालून ३३ ठेवावा, वरचा भाग ३५ चा. सूत धुतल्यावर सैल पडते, तेव्हा दुसरे टोपरे पहिले एकदा धुऊन पाहिल्यानंतरच सुईवर घ्यावे.