'विनापरवाना तपासणी' की 'घुसखोरी'?

कुंपणावरचा: एका पतसंस्थेसाठी निवेदन मराठीत करून देत आहे. संकेतस्थळात सुरक्षेचा दोष आढळल्यास तो कसा कळवावा, हा त्याचा विषय. मालकाला न विचारता असे दोष शोधणे गुन्हा ठरू शकते, या वाक्यात मी 'विनापरवाना तपासणी' लिहिले होते. सचिवांनी ते खोडून 'घुसखोरी' केले. योग्य काय?

अवंती: दोन्ही नकोत. परवाना बंदुकीला किंवा दारूच्या दुकानाला लागतो. येथे मालकाची परवानगी हवी आहे, म्हणून 'विनापरवानगी'. 'तपासणी'तही खोट आहे, कारण तपासनीस म्हणजे ज्याला तसा अधिकार दिलेला असतो तो. 'चाचपणी' म्हणा, अंधारात हात फिरवून पाहण्याचा भाव त्यात आहे आणि 'चाचणी' हा शब्दही त्यातूनच आला असावा.

शास्त्रीबुवा: ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, अवंतीताई. 'छिद्रान्वेषण' हा तयार शब्द असताना एवढा खटाटोप कशाला? छिद्र अधिक अन्वेषण, म्हणजे नेमके हेच काम.

रोहन: शास्त्रीबुवा, विग्रह बिनचूक आहे, पण छिद्रान्वेषी म्हटले की पंगतीत बसून मठ्ठ्यात मीठ कमी असल्याचे सांगणारा पाहुणा डोळ्यांपुढे येतो. मी हेच काम पोटासाठी करतो आणि आम्ही आपसात या चाचणीला 'पेनटेस्ट' व सापडलेल्या दोषाला 'बग' म्हणतो. 'घुसखोरी'ला मात्र माझा ठाम विरोध आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर लंडनमधील एका सुरक्षा सल्लागाराने मदतनिधीच्या संकेतस्थळावर देणगी दिली. नंतर ते स्थळ बनावट असावे अशी शंका येऊन त्याने संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी दोन टिंबे आणि एक तिरकी रेघ (एक फोल्डर वर जाण्याची खूण), असे तीनदा टाइप करून पाहिले. स्थळ खरे निघाले आणि २००५ मध्ये ब्रिटनच्या संगणक गैरवापर कायदा, १९९० खाली त्याला ४०० पौंड दंड व खटल्याचा ६०० पौंड खर्च भरावा लागला. त्याने काहीही चोरले नव्हते. ही घुसखोरी?

शास्त्रीबुवा: दुसऱ्याच्या दाराची कडी हलवून पाहणाऱ्यास आमच्या गावात सुरक्षा सल्लागार म्हणत नसत.

अवंती: आणि कडी उघडीच असेल तर? माझ्या भाच्याने महाविद्यालयाच्या शुल्काची पावती पाहताना पत्त्यातील शेवटचा आकडा एकाने वाढवला, तो दुसऱ्याच मुलीची पावती, फोन क्रमांकासह, समोर आली. त्याने कार्यालयात जाऊन सांगितले, तर आभार राहिले बाजूला, त्याच्याकडून माफीपत्र लिहून घेतले. त्या पत्रातला शब्द 'घुसखोरी' हाच होता.

रोहन: भाच्याने एका आकड्यावर थांबून लगेच कळवले, हे उत्तम. खात्रीसाठी म्हणून शंभर पावत्या उतरवल्या असत्या, तर मीही त्याची बाजू घेतली नसती. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये प्रश्न मालकाच्या परवानगीचा आहे. हेतू येतो कलम ६६ मध्ये, जिथे तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'घुसखोरी' लिहिले की हेतू आधीच ठरवून टाकल्यासारखे होते.

शास्त्रीबुवा: आणि 'चाचणी' लिहिले की तो चांगलाच ठरतो. ज्या खातेदारांची माहिती उघडी पडेल, त्यांना कोणी विचारले होते?

अवंती: त्यांना संस्थेनेही विचारले नव्हते, शास्त्रीबुवा.

कुंपणावरचा: सचिवांना 'विनापरवानगी प्रवेश' सुचवून पाहिले. त्यांचे म्हणणे, हे सिनेमागृहाबाहेरच्या पाटीसारखे वाटते. मसुदा उद्या छापायला जाणार आहे.

शास्त्रीबुवा: मुळात 'परवानगी' हाच शब्द फारसी. 'अनुज्ञा' म्हणा.