शांत दिसणारं पाणी: बेटांवरच्या समुद्राबद्दल जाणत्यांनी लिहा

खाडीकाठ
सोसायटीच्या ग्रुपवर आज कुणीतरी अंदमानचे फोटो टाकले आणि रिप करंटवरची, म्हणजे किनाऱ्यापासून बाहेर समुद्राकडे धावणाऱ्या प्रवाहावरची, जुनी चर्चा आठवली. एका फोटोत दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस, मध्ये गडद, गुळगुळीत पट्टा. पोरं नेमकी त्या पट्ट्यात उभी. खाली प्रतिक्रिया, "मस्त जागा, लाटाच नाहीत." लाटा नाहीत कारण तिथे खोल आहे. वाळूच्या दांड्यावरून आत आलेलं पाणी परत जायला फट शोधतं आणि त्याच पट्ट्यातून बाहेर धावतं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातून कितीतरी कुटुंबं बेटांवर जातील. नेमकं लिहा, नुसतं "काळजी घ्या" नको.

पेठेतला_पोहणारा
मिनिटाला ५० मीटर म्हणजे तलावावर चांगला वेग. सेकंदाला ०.८ मीटर. रिप एरवी सेकंदाला अर्धा मीटर असते, पण जोर धरला की २ मीटरपर्यंत जाते. किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत राहिलात तर जागच्या जागी दमाल, आणि माणूस बुडतो तो दमून. रिप खाली खेचत नाही, बाहेर नेते. पाठीवर व्हा, तरंगा, एक हात वर. लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे बहुतेक वेळा जोर सरतो. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, जिकडे फेस दिसतो तिकडे पोहा, तिथे उथळ असतं. एका बाजूला जमेना तर दुसरी धरा, प्रवाह कधी तिरका असतो.

निळी_छत्री
टिळक तलावाची सकाळची बॅच सध्या किती वाजता असते हो?

प्रवाळप्रेमी
मालदीव, लक्षद्वीप, मॉरिशसला गणित वेगळं. लाटा प्रवाळावरून आतल्या उथळ पाण्यात भर टाकत राहतात आणि बाहेर पडायला मोजक्याच वाटा. ओहोटी लागली की त्या वाटेला मोरी उघडल्यासारखी ओढ. स्नॉर्केलिंगला तोंड खाली असतं, आपण वाहतोय हे कळतच नाही. म्हणून उतरतानाच किनाऱ्यावर एकामागे एक अशा दोन खुणा धरा, समजा पुढे माड आणि मागे छप्पर. दर दोन मिनिटांनी डोकं वर काढा. माड आणि छप्पर एकमेकांपासून फाकले की तुम्ही सरकलात, लगेच परत. मॉरिशसच्या दक्षिणेला ग्रि-ग्रिजवळ प्रवाळाची भिंत नाही, तिथे फक्त बघायचं.

तिथीवार
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला ३, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब कोकणकिनाऱ्याचा, तो अंदमानला नेऊ नका. तिथला भरती-ओहोटीचा तक्ता वेगळा बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चढउतार मोठा, त्यामुळे ओहोटीची ओढही मोठी. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, कमी, पण लाटा मोठ्या असतील तर भांगाचाही भरवसा नाही.

निळी_छत्री
अगदी! अलिबागला माहेरी सगळे हेच करतात. बाकी वाचते नंतर, कुकर लावलाय.

दर्यादिशा
आभाळ निळं, वाऱ्याचा पत्ता नाही आणि लाटा मात्र दांडग्या, असं बेटांवर होतं. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर चालून येतात. केरळात याला कळ्ळक्कडल म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था याचे इशारे देते. अंदाजात नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा. १ मीटर उंचीची १६ सेकंदांची लाट ६ सेकंदांच्या लाटेपेक्षा कितीतरी जास्त पाणी ढकलते. मोठ्या लाटा गटाने येतात, मधल्या वेळात समुद्र निवांत दिसतो. उतरण्याआधी पंधरा मिनिटं वाळूवर उभं राहून बघा. आणि फुकेतची मे ते ऑक्टोबरची स्वस्त पॅकेजं का स्वस्त आहेत ते समजून घ्या. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा पावसाळी लाटा असतात.

भूलतज्ज्ञ_कोथरूड
वाचवायला नुसत्या हातांनी उडी मारू नका, अशात दोघं जातात. पाण्याचा रिकामा ५ लिटरचा कॅन, झाकण घट्ट, फेका. दोरी असेल तर उत्तम. भारतात असाल तर ११२ लावा, समुद्रात लांब गेला असेल तर तटरक्षक दल १५५४. बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं धरणं बंद करा, पोटातलं पाणी वर येऊन श्वासनलिकेत जातं. श्वास नसेल तर आधी तोंडाने ५ श्वास, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, हेच चालू ठेवा. मोठ्या माणसाला दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच. खोकला, धाप नंतरही वाढते.

सिंहगडरोड_वासी
डॉक्टर, आभार. हे सोसायटीत छापून लावतो.

निळी_छत्री
लाल-पिवळा झेंडा म्हणजे धोका ना?

दर्यादिशा
नाही ताई, उलट. तसे दोन झेंडे असतील तर त्यांच्या मधेच पोहायचं, जीवरक्षकांचं लक्ष तिथे असतं. निव्वळ लाल असेल तर उतरायचं नाही. जांभळा म्हणजे जेलीफिश वगैरे. काळे-पांढरे चौकोन म्हणजे सर्फबोर्डवाल्यांची जागा.