एक्साइटबाइक: 'सेव्ह' केलेला ट्रॅक जातो कुठे?

माळ्यावरची (इचलकरंजी):
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर आमचा जुना टीव्ही गेम सापडला, ६४-इन-१ कॅसेटसकट. कॅसेटच्या पिना कापसाने स्पिरिट लावून पुसल्या आणि चक्क चालू झाला. माझा नऊ वर्षांचा मुलगा तेव्हापासून एक्साइटबाइक या मोटरसायकल शर्यतीच्या गेमला चिकटलाय. दोन अडचणी आहेत. 'बी' बटण दाबून ठेवलं की गाडी तापून कडेला जाऊन थांबते आणि बाकीचे निघून जातात. दुसरी मोठी. 'डिझाइन'मध्ये तासभर बसून त्याने ट्रॅक बनवला, 'सेव्ह' केला, सकाळी बघतो तर काहीच नाही. रडला बिचारा. आमचंही असंच व्हायचं. दादा आणि मी रविवारभर ट्रॅक रचायचो आणि लाइट गेली की सगळं गेलं. आपलीच कॅसेट खराब, असं तेव्हा धरून चाललो होतो. खरंच तसं होतं का?

चौथी_लेन:
कॅसेट खराब नव्हती, ताई. हा गेम जपानमध्ये नोव्हेंबर १९८४ मध्ये निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्ही गेमवर आला, शिगेरू मियामोतोंनी केलेला. तिथे फॅमिकॉमला कीबोर्ड जोडता यायचा आणि कीबोर्डला 'डेटा रेकॉर्डर', म्हणजे जवळपास आपला गाण्यांचा टेपरेकॉर्डरच. ट्रॅक आवाजाच्या रूपात टेपवर उतरायचा. जपानबाहेर तो रेकॉर्डर विकायला आलाच नाही. १९८५ मध्ये गेम अमेरिकेत गेला तेव्हा मेनूत 'सेव्ह' आणि 'लोड' तसेच राहिले, आणि ते चालणार नाहीत असं पुस्तिकेत छापलं. आपल्याकडे आल्या त्या फॅमिकॉमच्या नकला, त्यांच्याबरोबर कुठली पुस्तिका! कॅसेटमध्ये बॅटरीही नाही, त्यामुळे वीज गेली की ट्रॅक पुसला. पुढे १९८८ मध्ये जपानमध्ये याचीच डिस्कवरची आवृत्ती निघाली, तिच्यात ट्रॅक डिस्कवर राहायचा.
मुलाला एक सांगा: डिझाइनमध्ये प्रत्येक चढ-उताराला एक इंग्रजी अक्षर आहे. तेवढी अक्षरं क्रमाने कागदावर उतरवली की ट्रॅक वाचला.

टर्बो_सांगली:
गाडी तापण्याबद्दल. 'ए' म्हणजे साधा वेग, 'बी' म्हणजे टर्बो. खालची 'टेम्प', म्हणजे तापमानाची, पट्टी भरत आली की 'बी' सोडून 'ए'वर यायचं. त्याहून महत्त्वाचं, रस्त्यावर जे बाण काढलेत त्यांच्यावरून गाडी नेली की इंजिन लगेच थंड होतं. बाण कुठल्या लेनमध्ये आहेत ते पाठ झालं की जवळजवळ पूर्ण फेरी टर्बोवर काढता येते. मी शाळेत असताना पहिला ट्रॅक असाच पाठ केला होता. उडीनंतर हवेत डावं-उजवं दाबून गाडी उताराला समांतर करा, नाहीतर आपटते. आपटलाच तर बटणं भराभर दाबायची, स्वार पळत गाडीकडे येतो. आणि आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला लागलं तर पडतो आपणच, तो नाही.

माळ्यावरची:
चौथी_लेन, तुमचा कागदाचा सल्ला वाचून उठले आणि दादाची ट्रंक उघडली. त्याची भूगोलाची वही आहे, चौकटीच्या कागदाची. मागच्या चार पानांवर अक्षरंच अक्षरं, मध्ये रिकामी घरं. मी ती इतकी वर्षं बुद्धिबळाची काहीतरी नोंद समजत होते. रिकामं घर म्हणजे सपाट रस्ता, हे काल रात्री मुलाने ओळखलं.
तो अक्षर सांगत गेला, मी बसवत गेले. तिसऱ्या पानावरच्या ट्रॅकमध्ये एका मोठ्या चढाआधी दादाने एक घर खोडून पुन्हा रिकामं सोडलंय, पेन्सिलीने. मुलाने ते घर न सोडता चालवून पाहिलं, तर गाडी दर वेळी आपटली. सोडल्यावर सरळ उतरली.
दादा आता पुण्यात असतो. रात्री अकराला फोन केला त्याला. म्हणाला, चौथं पान नको लावू, ते अर्धं राहिलंय, मी येतो शनिवारी.