चिकाना मैत्रिणीने 'मेचा'च्या (चिकानो विद्यार्थी संघटनेच्या) मीटिंगला बोलावलंय. जाऊ का?

शेंगाचटणी_सोलापूर

नमस्कार मंडळी. सांता बार्बराला एमएससाठी येऊन दीडच महिना झालाय. इला व्हिस्टात एका घरात आम्ही चौघी राहतो. त्यातली एक ऑक्सनार्डची, जन्म इथलाच, आईवडील तिकडे स्ट्रॉबेरीच्या शेतात मजुरी करतात. पहिल्याच आठवड्यात मी तिला 'तू मेक्सिकन का गं?' असं विचारलं, तर म्हणाली, 'चिकाना.' म्हणजे मेक्सिकन वंशाची, पण अमेरिकेतली मुलगी (मुलगा असेल तर चिकानो). पुढे एकदा चुकून हिस्पॅनिक म्हटलं तेव्हा जे तोंड वाकडं केलंय!

गेल्या आठवड्यात ती मला एल सेंत्रोमध्ये, म्हणजे त्यांच्या विद्यार्थी केंद्रात, घेऊन गेली. कॅम्पसवरची ४०६ नंबरची इमारत, जुनी, बैठी. तिथे मृतांच्या दिवसासाठी वेदी मांडत होते. बघते तर ढिगाने झेंडू! दसऱ्याला आमच्या दाराला असतो तोच. सगळे सुटी फुलं पसरत होते, मी सुई-दोरा मागितला आणि दोन तोरणं ओवून दिली. तेव्हापासून 'मंगळवारी मीटिंगला ये' म्हणून मागे लागलीय.

अडचण अशी की मला स्पॅनिश 'ओला' आणि 'ग्रासियास'पुरतंच येतं. शिवाय ती त्यांची घरची गोष्ट, मी कोण मधेच? सॅन होजेचा आतेभाऊ म्हणतो, असल्या चळवळ्या लोकांपासून लांब राहा.

डॅलसचा_दादा

आपलं महाराष्ट्र मंडळ तसं त्यांचं मंडळ. खायला चांगलं मिळतं. जा बिनधास्त.

जुना_ब्रुइन

दादांशी असहमत. आपली मंडळं गणपती, दिवाळी आणि समोशांवर चालतात. (मी दोन वर्षं खजिनदार होतो, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.) मेचा निघाली ती मागणीतून. मार्च १९६८ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसच्या हायस्कूलची हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. मोडकळीला आलेल्या शाळा, स्पॅनिश बोललं की शिक्षा, कॉलेजचं कोणी नावच काढत नव्हतं. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६९ मध्ये, ठिकठिकाणच्या विद्यार्थी गटांची परिषद भरली आणि त्यांनी एकच नाव घ्यायचं ठरवलं: मेचा, म्हणजे 'मोविमिएंतो एस्तुदियांतिल चिकानो दे आस्त्लान' (आस्त्लान ही चिकानोंची दंतकथेतली मायभूमी). कुठे भरली? ताई, तुझ्याच विद्यापीठात. चिकानो अभ्यासाचे विभाग, आपल्या मुलांना प्रवेश, हे सगळं त्या परिषदेच्या आराखड्यात लिहिलेलं आहे. 'चिकानो' ही आधी हिणवायची हाक होती, ती यांनी छातीला लावली. 'दलित' शब्दाचा प्रवास आठवला तर मैत्रिणीचं वाकडं तोंड लगेच कळेल.

मी १९९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात होतो. शेतमजुरांचे नेते सेसार चावेझ एप्रिलमध्ये गेले आणि त्यांच्या अंत्ययात्रेच्या आदल्या दिवशी विद्यापीठाने चिकानो अभ्यासाच्या स्वतंत्र विभागाला नकार दिला. मे अखेरीस मर्फी हॉलसमोर, म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयासमोर, तंबू पडले. काही विद्यार्थी आणि एक प्राध्यापक १४ दिवस फक्त पाण्यावर. मी रोज लॅबला जाताना बघायचो आणि मान खाली घालून पुढे जायचो, व्हिसाची भीती. शेवटी चावेझांच्या नावाचं केंद्र मिळालं. एकदाही थांबलो नाही, हे आजही टोचतं.

कॅलिफोर्निया_मावशी

जुना_ब्रुइन, बायका कुठे राहिल्या? लाँग बीचच्या कॉलेजात आना निएतोगोमेझ मेचाची अध्यक्ष म्हणून निवडून आली, तेव्हा चळवळीतल्याच काही मुलांनी तिचा पुतळा फासावर टांगला. 'आधी समाजाचं, बायकांचं नंतर' हे पालुपद तिकडेही होतंच. तिने आणि मैत्रिणींनी १९७१ मध्ये 'इहास दे कुआउतेमोक' नावाचं स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. तिकडे न्यू जर्सीत १९७५ मध्ये कीन कॉलेजच्या मुलींनी पहिली लॅटिना सोरॉरिटी (लॅटिन अमेरिकी वंशाच्या विद्यार्थिनींचा भगिनीसंघ) काढली. तिचा बाज वेगळा, पण आपल्यासाठी जागा नाही तर आपणच करू, हे तेच.

आणखी एक. खोलीत सगळेच स्वतःला चिकाना-चिकानो म्हणवतील असं धरू नकोस. ग्वातेमाला, एल साल्वादोरची मुलंही असतात. २०१९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर नावातून 'चिकानो' आणि 'आस्त्लान' दोन्ही काढायच्या बाजूने मत पडलं, त्यावरून जुने लोक अजून धुसफुसतात. तू त्या वादात पडू नको, ऐक. व्हिसाचं मात्र आतेभावाला किंवा आम्हाला नको, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचार.

शेंगाचटणी_सोलापूर

जाऊन आले! बरंचसं इंग्रजीतच चाललं होतं, उगाच घाबरले. निम्मा वेळ ऑक्सनार्डच्या हायस्कूलच्या मुलांना कॅम्पस दाखवायला बस कोण ठरवणार यावर गेला. भांडण झालं, मिटलं. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात, आधी संथ, मग वाढत वाढत, आरती टिपेला जाते तशा. मैत्रिणीने सांगितलं, ही शेतमजुरांच्या संपातली रीत. फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांची भाषा एक नव्हती, म्हणून टाळी.

दादा, खायला पान दुल्से (मेक्सिकन गोड पाव) होता, चहात बुडवून खाल्ला. सगळ्यांनी बघितलं.

बसच्या दिवशी नावं लिहून घ्यायच्या टेबलावर मला बसवलंय. 'ख़िमेनेस'चं स्पेलिंग कुणी सांगेल का?