स्पॅनिश मसुरात गोव्याचे चोरीस चालतील का?

नेरुळवाली
रविवारी लेकीच्या मैत्रिणी जेवायला आहेत. त्यातली एक स्पेनला शिकून आली आहे, म्हणून चोरिझो (डुकराच्या मांसाचं स्पॅनिश सॉसेज) घातलेला अख्खा मसूर करायचा बेत आहे. तिकडचा चोरिझो फार महाग पडतो. फ्रीझरमध्ये गोव्याहून आणलेली चोरीसची, म्हणजे तिकडच्या सॉसेजची, माळ आहे, ती घातली तर चालेल का? आणि आमचे हे बोटीवर असतात, तिथल्या फिलिपिनो मंडळींच्या न्याहारीला लाँगानिसा असतो म्हणे. तोही हाच प्रकार का?

जुना भंडारी, बेलापूर
ताई, चालेल, पण हात आखडता ठेवा. मी बोटीच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, आयुष्य काढलं, त्यावरून सांगतो.

स्पॅनिश चोरिझोला आंबटपणा देत नाहीत. डुकराचं मांस, चरबी, मीठ, लसूण आणि पिमेंतोन, म्हणजे लाल मिरचीची पूड. एक्स्त्रेमादुरातल्या ला व्हेरा भागात ओकच्या धुरावर मिरच्या वाळवतात, तो धूर चोरिझोत उतरतो. पूर्ण मुरवून वाळवलेला चोरिझो तसाच चकत्या करून खातात. गोव्याचे चोरीस कच्चे असतात, शिजवल्याशिवाय तोंडात घालायचे नाहीत. त्यात व्हिनेगर सढळ असतं. लाल तेल दोन्हीतून सुटतं, त्यामुळे बघून फरक कळत नाही. पण व्हिनेगर मसुरात आधीच गेलं तर मसूर लवकर मऊ होत नाही. म्हणून मसूर आधी शिजवून घ्या. चोरीसचं आवरण काढून कांद्यावर मंद आचेवर पूर्ण शिजवा, मग मसुरात घाला. पाव किलो मसुराला माळेतले तीन-चार मणी पुरे. मीठ शेवटी, चाखून. माझं मत विचाराल तर त्या पाहुणीसाठी स्मोक्ड बेकन, भरपूर लसूण आणि काश्मिरी मिरचीची पूड वापरा, ते स्पेनच्या जास्त जवळ जाईल. पूड घालताना गॅस बंद ठेवा, करपली की कडू होते.

लाँगानिसा हे नाव स्पेनचं. फिलिपिन्सवर १५६५ ते १८९८ त्यांचं राज्य होतं. चव मात्र गावागावाची. विगनचा लसूण आणि उसाच्या व्हिनेगरचा, लुकबानचा ओरेगानोचा, हामोनादो म्हणजे गोड. आमचा फिलिपिनो सोबती पहाटे सपाट तव्यात लाँगानिसा मांडून अर्धे बुडतील एवढं पाणी ओतायचा. पाणी आटेपर्यंत आतून शिजायचे, मग स्वतःच्याच चरबीत तळले जायचे. सुरुवातीलाच तेलात टाकले तर साखर जळते आणि आत कच्चं राहतं. पाणी आटून बुडबुडे जाड, चिकट झाले की तो गॅस बारीक करून तव्यापासून हलायचा नाही. सोबत लसणीवर परतलेला भात आणि अंडं. ती न्याहारी मला अजून हवीशी वाटते.

खाडीकाठची, ठाणे
पोर्तो रिकोतही लाँगानिसा आहे, पण तिथे लाल रंग शेंदरीच्या बियांचा, तिखटपणा बेताचा. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आंबट संत्र्याचा रस आणि ओरेगानो घालतात. आमच्या ईस्ट इंडियन (मुंबईकडच्या ख्रिस्ती) घरात पोर्कला व्हिनेगर लागतंच, त्यामुळे मला तो प्रकार लगेच आपला वाटला.

एक मात्र कळकळीने सांगते, कोणी घरी माळा वाळवायला टांगू नका. मांस सुरक्षित मुरवायला मोजून घातलेलं नायट्राइट (मांस टिकवणारा क्षार) आणि तापमान-दमटपणा ताब्यात ठेवणारी जागा लागते. आपल्या बाल्कनीत ते होत नाही.

नेरुळवाली
दादा, मसुराला बेकनच घालते. चोरीस बटाटा घालून वेगळे करते, पावाबरोबर. लाँगानिसा आतड्याच्या आवरणाशिवाय घरी जमेल का?

जुना भंडारी, बेलापूर
जमेल, फिलिपिनो घरांतही तसे करतात. चरबी असलेला खिमा घ्या, त्यात ठेचलेला लसूण, ब्राउन शुगर, मीठ, मिरी आणि थोडं व्हिनेगर. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, बटर पेपरमध्ये बोटाएवढे गुंडाळून फ्रीझरला लावा. करताना वर सांगितलं तसंच पाणी घालून. एक मोडून बघा, आत गुलाबी दिसलं तर अजून ठेवा.