'लाईट रोस्ट'ला मराठीत काय म्हणायचं, आणि ॲसिडिटीचं काय करायचं?

फोंड्याची

मंडळी, जरा मदत हवीय. माझी मावसबहीण घरच्या घरी कॉफी भाजते, म्हणजे चिकमगळूरहून कच्ची बी आणते आणि पंधरवड्याला पाच-सात किलो भाजून ओळखीपाळखीत देते. आत्तापर्यंत पाकिटावर पेनने नुसती तारीख लिहायची, आता तिला नीट लेबल छापायचंय आणि ते मराठीत हवंय, कारण घेणारे सगळे गोव्यातल्या फोंडा-साखळी-डिचोलीचे. मी हौसेने पहिला मसुदा केला: 'हलकी भाजलेली, उच्च आम्लता, मध्यम शरीर, लिंबूवर्गीय नोंदी'. तिने वाचलं आणि विचारलं, हे कॉफीचं पाकीट आहे की लॅबचा रिपोर्ट?

मग म्हटलं मरू दे, इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहू. 'लाईट रोस्ट, हाय ॲसिडिटी'. ते नमुन्याचं पाकीट नेमकं तिच्या सासूबाईंच्या हाती लागलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि परत ठेवलं. "मला आधीच ॲसिडिटी, त्यात ही हाय!"

तर लाईट, मीडियम, डार्क, ॲसिडिटी, बॉडी आणि नोट्स, एवढ्यांना घरातले शब्द सुचवा. भाषांतर नकोय, आपण बोलताना काय म्हणू ते सांगा.

कुळागरकार

'हलकी भाजलेली' पहिलं काढून टाका. आपल्याकडे हलकं म्हणजे निकृष्ट, हलका माल, हलक्या प्रतीचा काजू. पाकिटावर हलकी वाचून कोण घेणार आहे?

घाटावरची सून

मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन बारा वर्षं इकडे म्हापशाला. मला तर वाटतं भाजण्यासाठी मराठीत शब्द कमी नाहीत, उलट जास्तच आहेत, फक्त ते सगळे स्वयंपाकघरात आहेत आणि आपण कॉफीचं नाव काढलं की कॅफेत जाऊन बसतो. रवा कसा भाजायचा? बदामी रंगावर. शागोतीचं, म्हणजे इकडच्या मसालेदार रश्श्याचं खोबरं? तांबूस. थालीपिठाची भाजणी खमंग, भाकरी खरपूस, आणि फोन आला म्हणून विसरलेलं काहीही, करपलेलं. म्हणजे लाईट म्हणजे बदामी, मीडियम म्हणजे तांबूस, डार्क म्हणजे खरपूस. झालं की.

फक्त एक, खमंग आणि खरपूस एक नव्हे. खमंग नाकाला कळतं, खरपूस दाताला आणि डोळ्याला. फोडणी खमंग असते, खरपूस नसते. (खरपूस समाचार मात्र आमच्या सासूबाई घेतात, तो सगळीकडूनच कळतो.)

कुळागरकार

बदामी-तांबूस-खरपूस मस्तच. पण 'बदामी भाजणी' लिहू नका हां, भाजणी म्हटलं की लोक थालीपीठ लावायला घेतील. 'बदामी भाजलेली' लिहा.

पातळभाजी

मी हे स्वतः करून पाहिलंय म्हणून सांगतो. लोखंडी कढईत पाव किलो हिरवी बी घातली, मंद आचेवर हलवत बसलो, आधी ओल्या गवतासारखा वास येतो, मग पाव भाजल्यासारखा, आणि मग एकदम तडतड सुरू होते, लाह्या फुटतात तशी. हा पहिला तडतडाट, बीच्या आतलं तापमान तेव्हा साधारण 200 डिग्रीच्या आसपास असतं. तो थांबता थांबता उतरवलं तर बदामी. आणखी ठेवलं की थोडा वेळ शांत, मग दुसरा आवाज येतो, तो बारीक असतो, चुरचुर चुरचुर, आणि बीवर तेल सुटायला लागतं. तिथे खरपूस. तिथून पुढे अर्धं मिनिट गाफील राहिलात तर कोळसा. माझा झाला. बायको म्हणाली दात घासायला ठेव.

आणि गॅस बंद केला म्हणजे भाजणं थांबलं असं नाही, रव्याचं होतं तसंच, स्वतःच्या उष्णतेवर पुढे भाजत राहतं. म्हणून लगेच सुपात ओतून पाखडायचं, कोंडापण उडतो आणि गारही होतं. अंगणात पाखडा, घरात नको, तो कोंडा मी अजून पंख्यावरून पुसतोय. वजनही घटतं बरं का, किलोला दीडशे-दोनशे ग्रॅम सहज, तेव्हा बहिणीने किंमत लावताना ते धरावं.

कोरा चहा

आता मुख्य भांडणाकडे येऊ, ॲसिडिटी. इंग्रजीत कॉफीवाले हा शब्द कौतुकाने वापरतात, फळात असतो तसला आंबटपणा, जिभेच्या कडांना चुणचुण लागते तो. कच्च्या बीत आम्लं असतात, लिंबात असतं ते सायट्रिक, सफरचंदात असतं ते मॅलिक वगैरे. कमी भाजलं तर ती बऱ्यापैकी शिल्लक राहतात, जास्त भाजलं की मोडतात आणि कडवटपणा वर येतो. तो शब्द मराठीत आला तो मात्र डॉक्टरच्या दवाखान्यातून आला, छातीत जळजळ घेऊन. आता तो परत कॉफीत घालता येणार नाही, सासूबाईंचं काही चुकलं नाही.

आणि गंमत बघा, ॲसिडिटी झाली की आपण काय म्हणतो? करपट ढेकर येतात. म्हणजे पोटातल्या ॲसिडिटीची खूण करपट, आणि कॉफीतली ॲसिडिटी म्हणतात ती मात्र ज्या कॉफीत करपटपणा सगळ्यात कमी तिच्यात सगळ्यात जास्त. एकाच शब्दाची दोन टोकं. हा शब्द लेबलवर ठेवलात तर प्रत्येक पाकिटामागे एक व्याख्यान द्यावं लागेल.

घाटावरची सून

मग 'आंबूस' चालेल का?

पातळभाजी

नको नको. आंबूस वास म्हणजे दूध गेलं, आंबूस म्हणजे कालचं. आमच्या आजीला मी बदामी भाजलेली कॉफी दिली होती, कोरी, तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "काफी आंबटली रे." तिच्या दृष्टीने कॉफी आंबट लागणं म्हणजे ती खराब होणं, दुसरा अर्थच नाही. आणि तुमचं घेणारं गिऱ्हाईक बरंचसं आजीच्या वयाचं दिसतंय.

साण आणि वा

इथे मला एक दिसतं, रागावू नका. मराठीत गोडवा आहे, गारवा आहे, ओलावा आहे, पण 'आंबटवा' नाही आणि 'कडूवा' नाही. गोडीला आपण लाडाचा प्रत्यय दिला आणि बाकीच्यांना नुसता 'पणा' चिकटवला, आंबटपणा, कडवटपणा, म्हणजे तक्रार असल्यासारखंच वाटतं. कोंकणीत बघा, गोडसाण, आंबटसाण, कोडसाण, सगळ्यांना एकच साण, पंक्तिप्रपंच नाही. गोव्यातल्या मराठी वाचकाला आंबटसाण समजतं, घरात ऐकलेलंच असतं. मग लेबलवर आंबटसाण का नको? वासासाठीही 'परमळ' घ्या, अरोमा कशाला.

कोरा चहा

परमळला माझं मत. आंबटसाण ऐकायला सुंदर आहे पण पाकीट उद्या बेळगावला गेलं तर?

साण आणि वा

बेळगावच्या माणसाला कळेल हो. पुण्याच्या माणसाला आपण समजावून सांगू, त्यांनाही कधीतरी समजावून घेऊ दे.

कुळागरकार

एवढं लांब कशाला, आंबटगोड म्हणा ना! चिंचगुळाची आमटी आंबटगोड, संत्रं आंबटगोड, चांगलं पिकलेलं करमल (स्टारफ्रूट) आंबटगोड. ऐकलं की तोंडाला पाणी सुटतं, दूध नासलं असं वाटत नाही. बिंबल आंबटढाण, ते वेगळं. या शब्दात गोड आहे म्हणून साखर हवी असं नाही, फळातली असते तेवढी गोडी पुरे, आणि चांगल्या अरेबिकात, कॉफीच्या त्या जातीत, ती लागते.

फोंड्याची

आंबटगोड!! हे मला का नाही सुचलं. बरं आता बॉडी. 'मध्यम शरीर' मी स्वतःच खोडलंय.

पातळभाजी

दाट आणि पातळ. हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, जे म्हणतो तेच. घुसळलेलं ताक आणि ताकावरचं पाणी दोन्ही प्यालं तर चव थोडीफार एकच, पण जिभेवरचं वजन वेगळं, तेवढंच बॉडी. आणि अगदीच वाईट असेल तर पांचट, पण ते लेबलवर कोण लिहितं.

मात्र दाट आणि कडक यांची गल्लत करू नका. कडक म्हणजे पावडर जास्त किंवा जास्त उकळलेलं. लोक 'कडक हवी' म्हणतात आणि दुकानदार खरपूस भाजलेली देतो, तसं नसतं, बदामी भाजलेलीसुद्धा कडक करता येते. कॅफीनसुद्धा भाजण्याने फारसं बदलत नाही, ते बीच्या जातीवर आहे, रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट.

घाटावरची सून

आणि कडू-तुरट! हे दोन वेगळे आहेत हे इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या लोकांना सांगता सांगता नाकी नऊ येतात, ते सगळ्यालाच बिटर म्हणतात. आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. कारलं कडू, काजूचा बोंडू तुरट, घसा धरतो तो. कॉफी कडू असली तर चालते, मला तर आवडते, पण तुरट झाली म्हणजे बहुतेक दळण फार बारीक नाहीतर पाण्यात फार वेळ राहिली. बहिणीने पाकिटावर 'तुरट लागली तर दळण जाड करा' एवढी एक ओळ टाकली तरी फोन कमी येतील.

कोरा चहा

ब्लॅक कॉफीला 'काळी कॉफी' लिहू नका प्लीज. कोरी कॉफी. कोरा कागद, कोरं कापड, कोरा चहा. अजून काही न पडलेली. (नावावरून माझा स्वार्थ कळला असेलच.)

चिकोरीवाला

सगळे कोरी कोरी करताय म्हणून माझंही ऐका. मला रोबस्टा हवी, खरपूस भाजलेली, त्यात चिकोरी हवी, दूध हवं, दोन कुलेर (चमचे) साखर हवी. चिकोरी म्हटलं की नाक मुरडतात लोक, भेसळ म्हणतात. भेसळ कसली, ते एक मूळ आहे, भाजून दळतात, पाकिटावर टक्का छापावाच लागतो आणि कॉफी 51 टक्क्यांच्या खाली असून चालत नाही. चिकोरीने रंग येतो, दाटपणा येतो, एक गुळासारखी कडवट गोडी येते. ज्यांना करमलं हुंगायचीत त्यांनी हुंगावीत.

साण आणि वा

तुमच्या कॉफीला बेष्ट विशेषण मिळालं की, कडवट-गोड. ते 'आंबटगोड'शेजारी छान दिसेल.

कुळागरकार

फसवे शब्दही सांगून ठेवतो, बहिणीला व्यापाऱ्याकडून घेताना उपयोगी. बिलावर 'चेरी' असेल तर ती चव नव्हे. आपल्याकडच्या कॉफीच्या व्यापारात फळासकट वाळवलेल्या मालाला चेरी म्हणतात. गर काढून धुतलेली अरेबिका म्हणजे 'प्लँटेशन', आणि धुतलेली रोबस्टा म्हणजे 'पार्चमेंट'. 'पीबी' म्हणजे पीबेरी, फळात दोन ऐवजी एकच गोल दाणा भरला तर ती. मी तिला एकदाणी म्हणतो, कुणाला आवडला शब्द तर घ्या. आणि 'मान्सून्ड मलबार'मध्ये मान्सून खरोखरचा आहे, मंगळूरकडच्या गोदामात पावसाळ्याच्या दमट वाऱ्यावर बी पसरून ठेवतात, ती फुगते, फिकट पिवळी पडते, आंबटपणा जातो. आपल्या घरात पावसाळ्यात डाळीला होतं ते बुरशीचं प्रकरण वेगळं, ते मलबार म्हणून विकू नये.

पातळभाजी

मोका म्हणजे चॉकलेट समजतात तसंच. मोखा हे येमेनचं बंदर, बाबा बुदान यांनी सात बिया तिथूनच आणल्या अशी चिकमगळूरची कथा. एस्प्रेसो तर विचारूच नका, लग्नात वाफेच्या मशीनची दुधाळ फेसाची कॉफी आणि वर चॉकलेट पावडर, ती आपली एस्प्रेसो. एकदा पणजीत कॅफेत मामांनी तीच समजून मागवली, आली ती दोन घोटांची काळी वाटी. मामा वेटरला म्हणाले, "हे चाखायला दिलंत ते कळलं, आता कॉफी आणा."

घाटावरची सून

नोट्स राहिल्या, म्हणजे घोटात कशाकशाची चव आठवते ते. 'नोंदी' नकोच. मी तर शब्दच टाकणार नाही, 'करमलाची आठवण येते' असं सरळ लिहीन. किंवा 'मागून गुळाची चव'. मागून म्हणजे घोट गेल्यावर, आपण तसंच म्हणतो ना, आधी गोड लागतं मग मागून तिखट.

फोंड्याची

मंडळी, खूप खूप आभार. बहिणीने वहीत उतरवून घेतलंय, पहिली शंभर लेबलं अशी चाललीत:

बदामी भाजलेली. आंबटगोड, पातळसर. करमलाची आठवण येते. कोरी प्यावी.

खरपूस भाजलेली. कडवट, दाट, मागून गुळाची चव. दुधाबरोबर चालते.

खाली बारीक अक्षरात ती तुरटवाली ओळ. वासाच्या जागी 'परमळ' घातलंय. आंबटसाण यावेळी राहिलं, आमच्यात मतदान झालं त्यात दोन विरुद्ध एक, सॉरी.

सासूबाईंना दोन्ही पाकिटं दाखवली. त्यांनी आंबटगोड वाचून मान हलवली, मग खरपूस उचललं, दुधात उकळलं आणि वर मागच्या परसातलं जायफळ किसून घातलं. म्हणाल्या, एवढं सगळं लिहिलंत, जायफळाचं कुठेच नाही. तर आता बहीण विचारतेय तिसरं लेबल काय छापू.