शाळेत फिरतं तारांगण बोलवावं का? (पाचवी ते सातवी, जिंतूर तालुका)

माळावरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. जिंतूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. पाचवी ते सातवी मिळून सत्तरएक लेकरं. हवेनं फुगवायचा घुमट घेऊन गावोगाव फिरणारे एकजण परवा शाळेत येऊन गेले. लेकरामागं साठ रुपये म्हणतात, पन्नासाच्या खाली यायला तयार नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीतले लोक म्हणाले, वर्गणी काढू की, पण मास्तर, लेकरांच्या पदरात काय पडंल ते आधी सांगा.

तेच तर मला सांगता येईना. शेजारच्या केंद्रातल्या एका शाळेत गेल्या हिवाळ्यात असाच एक घुमट आला होता, तेव्हा मी मुद्दाम आत जाऊन बसलो होतो. वीसेक मिनिटांचा हिंदी सिनेमा. डायनासोर पळायलेत, वरून उल्का पडायली, मग रॉकेटमधून शनीच्या कड्यात गिरकी, आणि शेवटी रुळांवरून गाडी सुसाट खाली. लेकरं ओरडून ओरडून खूश. दोघा-तिघांना मळमळलं. बाहेर आल्यावर विचारलं, काय बघितलं रे? "डायनासोर!" एकानंही ताऱ्याचं नाव घेतलं नाही. घेणार कुठून, तारे होतेच कुठं त्यात.

आणि इकडं माझ्या सहावीतली एक पोरगी. पेरणीचा विषय निघाला होता. म्हणाली, "गुरुजी, मृग जूनमधी निघतंय म्हणतेत. मग जूनमधी आमच्या माळवदावरून मृग का दिसत नाही? ते तर दिवाळी झाल्यावर दिसतंय." तिच्या आज्यानं तिला तिकांडं, म्हणजे मृगातले एका ओळीतले तीन तारे, ओळखायला शिकवलंय, त्यामुळं ती ऐकीव बोलत नव्हती. मी फळ्यावर सूर्य काढला, पृथ्वी काढली, बाण काढले. तिनं मान हलवली, पण ती मान हलवणं कसलं असतं ते शिक्षकाला कळतं.

तर विचारायचं हे की घुमटात असलं काही दाखवता येतं का? का पैसे साठवून मुंबईला नेहरू तारांगणच दाखवावं? देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रीतून जाता येतं, पण एवढी लेकरं, त्यात पोरींना घरचे सोडतील असं वाटत नाही.

लातूरची_आई

मुंबईचं आम्ही बघितलंय. वरळीला आहे, १९७७ पासूनचं. मोठा पक्का घुमट, खुर्चीत रेलून बघायचं, मराठीतून खेळ असतो, पण तो ठरलेल्या वेळीच. आधी चौकशी करून जा आणि सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. माझ्या मोठ्याला खूप आवडलं. धाकटी तेव्हा पाच वर्षांची होती. दिवे मालवले तशी तिनं जे रडं काढलं, ते बाहेर येऊन भेळ खाईपर्यंत थांबलं नाही. पाचवीच्या पुढच्यांना तेवढं काही वाटत नाही म्हणा.

जवळ बघायचं तर संभाजीनगरला एमजीएमच्या आवारात खगोलाचं केंद्र आहे, तिथं फोन करून विचारा. नागपूरला रमण विज्ञान केंद्रातही तारांगण आहे, पण तुम्हाला ते मुंबईइतकंच आडवळणी.

गंगाखेडकर

मास्तर, साठ रुपयात लेकराला वह्या येतात. आमच्या वेळी कसला घुमट आणि कसलं काय. उन्हाळ्यात खळ्यावर झोपायचो, आज्जी बोट करून सांगायची : ते चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, आणि मागचे तीन तिची बाज पळवायला आलेले चोर. पुढं शाळेत गेल्यावर कळलं, त्यालाच सप्तर्षी म्हणतात. तुमच्या गावात रात्री आकाश फुकट आहे. लेकरांना गच्चीवर न्या आणि मोकळे व्हा.

घुमटवाला (नांदेड)

मी बरीच वर्षं हाच धंदा केला, आता मुलगा बघतो. त्यामुळं आतलं सांगतो. जरा लांबण लागेल.

पहिलं म्हणजे गंगाखेडकर अर्धे बरोबर आहेत. शहरातल्या तारांगणात दिवे हळूहळू विझले आणि तारे उमटले की सगळं सभागृह "आऽऽ" करतं. कारण तिथल्या लेकरानं एवढे तारे कधी बघितलेलेच नसतात. तोच खेळ मी एकदा वसमतकडच्या एका खेड्यात केला. तारे लावले, थांबलो, कुणीच काही बोलेना. मग पुढच्या रांगेतून एकजण म्हणाला, "काका, हे तर आमच्या अंगणात बी दिसतंय." बरोबरच होतं त्याचं. खेड्यातल्या लेकराला नुसते तारे दाखवायला पन्नास रुपये घेणं म्हणजे फसवणूकच.

पण अंगणात जे होत नाही ते घुमटात होतं. अंगणात एक रात्र सरायला रात्रभर जागावं लागतं, घुमटात ती दीड मिनिटात सरते. अंगणात वर्ष बघायला वर्ष लागतं. आणि दिवसा तारे तर अंगणात कधीच दिसत नाहीत. तारांगणाचं यंत्र निघालं ते याच कामासाठी. झाइस कंपनीनं १९२३ साली म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ते पहिल्यांदा चालवून दाखवलं, तेव्हा त्यात सिनेमा-बिनेमा काही नव्हतं. तारे, ग्रह, सूर्य, चंद्र आणि त्यांना पळवणारी दात्यांची चाकं. आणि ते पहिलं यंत्र फक्त म्युनिकच्या अक्षांशावरचंच आकाश दाखवायचं. म्हणजे पोरांनी रात्री घरी जाऊन वर बघितलं तर तेच दिसणार. आज आपण शनीच्या कड्यातून लेकरं फिरवून आणतो, पण त्यांच्या गावचं आकाश दाखवायचं राहून जातं.

आता तुमच्या पोरीचा मृग. हा प्रश्न फळ्यावर सुटायचा नाही, घुमटात दोन मिनिटात सुटतो. बहुतेक घुमटवाल्यांच्या लॅपटॉपवर स्टेलेरियम, म्हणजे आकाश दाखवायचं सॉफ्टवेअर, असतंच, नसलं तर फुकट उतरवून घेता येतं. त्यात जागा जिंतूर टाका, तारीख ८ जून, वेळ सकाळी दहा. घुमट निळा होतो, पूर्वेकडं सूर्य चांगला वर आलेला. लेकरांना विचारा, मृग कुठाय? कुणी सांगणार नाही. मग कीबोर्डवर 'ए' दाबा. वातावरण निघून जातं, निळं आकाश काळं होतं, सूर्य जागेवरच राहतो आणि त्याच्या भोवती तारे उमटतात. सूर्याच्या जरा वर रोहिणीचा तारा. पूर्वेला तोंड करून बसलं की उजव्या हाताला मृग, तिकांड्यासकट. इथं गप्प बसायचं. लेकरंच ओरडतात, "सूर्यापाशी हाय!"

आपण मृग लागला म्हणतो तो पावसाळ्याचा हिशेब आहे. सूर्य त्या नक्षत्रात गेला म्हणजे नक्षत्र लागलं. तो तिथं असेपर्यंत मृग त्याच्या बरोबरच उगवणार आणि बरोबरच मावळणार, मग रात्री दिसेल कसा? आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, सगळ्यांचं तसंच. पंचांगात वाहन बेडूक आहे का मेंढा हे अख्ख्या गावाला पाठ असतं, पण त्या वेळी ते नक्षत्र दिवसा डोक्यावरून जातंय हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

मग वातावरण परत आणा, वेळ रात्री नऊवर ठेवा आणि एकेक दिवस पुढं ढकलत न्या. पश्चिमेचे तारे रोज थोडे खाली, पूर्वेचे थोडे वर. दिवाळीच्या आसपास आलात की नऊच्या ठोक्याला मृग पूर्वेला क्षितिजावर डोकं काढतो. डिसेंबरच्या मध्यावर मध्यरात्री बघाल तर पार वर चढलेला. तुमची पोरगी बरोबर बोलली होती, हे तिला सगळ्यांसमोर सांगा.

घुमटवाल्याला पैसे द्यायच्या आधी एकच परीक्षा घ्या. जिंतूर १९ अंश अक्षांशाच्या थोडं वर आहे, त्यामुळं ध्रुव उत्तरेच्या क्षितिजापासून तेवढाच वर दिसायला हवा. हात ताठ धरून मूठ वळली की एक मूठ साधारण दहा अंशांची. घुमटाच्या मधोमध बसा आणि मोजा. दोन मुठींत ध्रुव सापडला तर गडी कामाचा. पाच मुठी वर असला तर यंत्रात युरोपातलं कुठलंतरी गाव बसलंय आणि त्यानं ते कधी बदललेलं नाही. असले मी कितीतरी बघितलेत.

आणि मास्तर, सिनेमा लावणं सोपं असतं. बटण दाबायचं आणि बाहेर जाऊन चहा प्यायचा. आकाश दाखवायचं तर आत बसून बोलावं लागतं, पोरांनी मधेच काय विचारलं तर तारीख बदलून दाखवावं लागतं. धंद्यात असा माणूस मिळत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून भाव करताना पन्नास का साठ यावर घासाघीस करू नका, आत बोलणार कोण ते विचारा.

गंगाखेडकर

दिवसा मृग दाखवता येतो हे माहीत नव्हतं. पण मग रात्रीचं काय? घुमट गेला की लेकरं परत मोबाईलमधी.

घुमटवाला (नांदेड)

म्हणून तर घुमट आमावस्येच्या आसपासच बोलवायचा. दुपारी आत बघितलेलं त्याच रात्री गच्चीवर शोधायचं, चांदण्याचा त्रास नाही. फेब्रुवारीत केलात तर रात्री नऊला दक्षिणेला दोन मुठींवर अगस्ती, व्याधाच्या खालच्या बाजूला. व्याधानंतर सगळ्यात तेजस्वी ताराच तो. मे महिन्यात दक्षिणेलाच एका मुठीवर त्रिशंकू, क्रॉससारखे चार तारे. दक्षिणेचं क्षितिज मोकळं पाहिजे, झाडी नको. दिल्लीवाल्यांना त्रिशंकूचा तळाचा तारा दिसतच नाही. आपल्याला दिसतो हे लेकरांना सांगितलं की त्यांची कॉलर ताठ होते.

मे महिन्याच्या मध्यावर आपल्याकडं शून्य सावलीचा दिवसही येतो. सूर्य बरोबर डोक्यावर, उभ्या काठीची सावली काठीखालीच. जुलैत पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांत सापडायचा नाही. मेमध्ये शाळेला सुट्टी असते, ते तुम्ही बघा.

माळावरचा_मास्तर

खूप उपकार. काल त्या गृहस्थांना फोन लावला. जागा बदलता येते का विचारलं तर आधी म्हणाले, "सर, शो फोर के आहे." परत विचारलं, तेव्हा कबूल झाले की स्टेलेरियम आहे, पण ते कधी उघडत नाहीत, आणि त्यांच्या पोराला बोलता येत नाही. शेवटी ठरलं असं की सिनेमा लावायचा नाही, लॅपटॉपपाशी मी बसायचं, आणि माणशी चाळीस. मी घरी चार दिवस सराव करायलोय. बायको म्हणते, दिवसा तारे बघायलेत.

दोन शंका आहेत. आमच्याकडं हॉल नाही. दोन वर्गांमधली सरकती फळी काढली तर लांब खोली होते, मधे खांब नाही, वर पत्रा. मैदानात लावला तर चालंल का? आणि दुपारी लाईट जाते.

घुमटवाला (नांदेड)

मैदानात नको. वारं आलं की घुमट डुलतो, वरचं चित्र हलतं, आणि ऊन कापडातून आत झिरपतं. वर्गातच लावा. पाच मीटर व्यासाच्या घुमटाला साडेतीन मीटरभर उंची लागते, पत्र्याखालची कैची कुठं आडवी येते ते आधी मोजून घ्या. एका वेळी पंचवीसेक लेकरं, म्हणजे तुमच्या तीन पाळ्या. पत्र्याखाली दुपारी आत फार उकडतं, सकाळची शाळा करून घ्या. चपला बाहेर, खिशात पेन-कर्कटक नको.

चित्र घुमटभर पसरवायला त्यांच्याकडं मधे ठेवायचं माशाच्या डोळ्यासारखं भिंग (फिशआय लेन्स) आहे का कडेला फुगीर आरसा, ते विचारा. दुकानात कोपऱ्यात चोरावर नजर ठेवायला लावतात तसाच तो आरसा. भिंग असेल तर लेकरं गोल बसवा आणि मधल्या टेबलाला कुणी पाय लावणार नाही एवढं बघा. आरसा असेल तर स्टेलेरियमच्या सेटिंगमध्ये त्यासाठीची वेगळी सोय आहे, ती चालू केली नाही तर मृग वाकडा दिसेल.

लाईट गेली तर ब्लोअर बंद पडतो आणि घुमट हळूहळू खाली बसतो. कापड हलकं असतं, कुणाला इजा होत नाही, पण अंधारात लेकरं घाबरून एकदम दाराकडं धावतात, ते वाईट. दारापाशी मोठं माणूस बॅटरी घेऊन बसवा. जनरेटर त्यांनाच आणायला सांगा आणि तो खोलीच्या बाहेर, वारं खोलीकडून जिकडं जातंय त्या बाजूला लावा, धूर आत यायला नको. इन्व्हर्टरवर ब्लोअर चालेल, त्यावर प्रोजेक्टरही चढवला की माझ्याकडं तरी वीस मिनिटांच्या वर टिकला नाही.

एक राहिलं. जमलं तर शाळेच्या मैदानात मधोमध उभं राहून मोबाईलनं चारी बाजूंचे फोटो काढून ठेवा. स्टेलेरियममध्ये त्यांचं क्षितिज बनवता येतं. आत दिवे मालवले आणि कडेला आपल्याच शाळेची पाण्याची टाकी आणि लिंबाचं झाड दिसलं, की उत्तर कुठं, दक्षिण कुठं हे सांगत बसावं लागत नाही. फोटो मला पाठवा, मुलगा बसवून देईल. त्याचे पैसे नाहीत.

माळावरचा_मास्तर

उद्या काढतो. टाकीवर सरपंचाचा बॅनर आहे, तो उतरवून घ्यायला लावतो आधी.